पेटीचा उपास

साखरबाईंचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि ईश्वरआप्पांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

हरवलं म्हणावं, तर तसंही नाही. टेबलावरच्या जाडजूड माहितीपुस्तकात दोनशे बाराव्या पानाशी ते घडी घालून ठेवलेलं होतं. आप्पा काही ना काही कारणानं ते पुस्तक उघडत. निळ्या शाईतली, दाबून काढलेली गोल अक्षरं दिसली की पुस्तक मिटत आणि म्हणत, उद्या लिहू. अडुसष्टाव्या वर्षीही माणूस उद्यावर इतका विश्वास कसा टाकू शकतो, हे त्यांचं त्यांनाच कोडं होतं.

पत्र असं होतं:

‘कंपनीच्या साहेबांना साखरबाईचा नमस्कार. पत्ता पेटीच्या बुडाला होता तिथून घेतला. आमच्या नदीवरच्या मोटारीला तुमची मोबाईलची पेटी हाय. पेटी चांगली हाय, पण दर सात आठवड्यांनी अडून बसती. दिवा लुकलुकतो, फोन केला तर मेसेज बी धाडती, पण मोटार चालू करीत न्हाई. थांबा म्हणती. मंगळवारी सकाळी जोडली तर सात आठवड्यांनी बुधवारी उठून बघावं तर अडलेली. शुक्रवारी जोडली तर शनिवारी. चार खेपा लिहून ठेवल्यात. मग मी तिला उतरवते आन् चार दिवस घरात खुंटीला टांगते. दिवा विझला की परत जोडते, मग शहाण्यासारखी चालती. म्हंजी तिला उपास घडवावा लागतो. पण त्या चार दिवसांत मला हातानं मोटार सुरू करायला नदीवर जावं लागतं आन् लाईट रातपाळीची असली तर फार हाल होतात. तुम्ही हुशार माणसं. तिला हलवून जागं करायला एखादं बटन का ठेवलं न्हाई? कळवावे.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा आप्पांना हसू आलं होतं. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यांनी कागदावर एक भागाकार मांडला आणि मग बराच वेळ ते नुसते त्या कागदाकडे बघत राहिले.

पेटी आप्पांचीच होती. म्हणजे मालक सत्यजीत. शिरूरला नगर रोडच्या आत पत्र्याची शेड त्याची, नाव त्याचं, धावपळही त्याची. पण पेटीच्या आतलं सगळं आप्पांचं. उमेदीत त्यांनी बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. टीव्हीचे दिवस सरले तशी पन्नाशीत पुस्तकं मागवून, शब्दकोश शेजारी घेऊन, ते कंट्रोलर चिपा शिकले. शिकवणारं कोणी नव्हतं, त्यामुळं आपल्याला हे खरंच येतं का, अशी शंका त्यांच्या मनातून कधी गेली नाही. लोक त्याला नम्रता म्हणत. ती भीती होती.

पेटीचं काम साधं. शेतकऱ्यानं घरून फोन करायचा, पेटीनं नदीवरची मोटार चालू करायची. पाणी आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून चिपेचा सगळा कप्पा रेझिननं भरून टाकलेला. ते वाळलं की दगड. बटण बाहेर ठेवलं नाही, कारण आप्पांनी तेव्हा सरळ हिशेब केला होता: आपल्याकडं लाईट रोज जातेच. पेटी अडकली तरी लाईट गेली की विझेल, आली की नव्यानं सुरू होईल. मग बटण कशाला, भोक कशाला? पुण्या-मुंबईच्या माणसाला असा विचार सुचला नसता. आप्पांना सुचला आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

पुढं सत्यजीत म्हणाला, ‘लाईट गेली-आली याचाही मेसेज यायला पाहिजे. गिऱ्हाईक मागतंय.’ तेव्हा दुसऱ्या खेपेच्या तीनशे पेट्यांत आप्पांनी छोटी बॅटरी घातली. चार दिवस पुरणारी. त्यामुळं लाईट गेली तरी पेटी विझेना. पहिला हिशेब त्याच दिवशी मोडला होता, आणि तो मोडलाय हे आप्पांच्या ध्यानातही आलं नाही.

चिप आपला काळ हजारांश सेकंदात मोजते. एकोणपन्नास दिवस सतरा तासांनी तिचा आकडा भरतो आणि स्कूटरच्या किलोमीटरसारखा परत शून्यावर येतो. मोटार लागोपाठ दोनदा सुरू होऊन जळू नये म्हणून मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, असं आप्पांनी प्रोग्राममध्ये लिहिलं होतं. आकडा शून्यावर आला की पेटीला वाटे, मागची सुरुवात अजून व्हायची आहे. मग ती म्हणे, थांबा. सात आठवडे थांबा. चिप हँग झाली तर तिला उठवायला आप्पांनी आत एक राखणदार बसवला होता, पण चिप हँग झालेलीच नव्हती. ती शुद्धीत राहून चूक करत होती. राखणदार तरी काय करणार?

मंगळवार सकाळ अधिक एकोणपन्नास दिवस सतरा तास म्हणजे बुधवारची पहाट. साखरबाईंच्या चारही खेपा त्या भागाकारात चपखल बसल्या होत्या.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट यापुढची. अशा पेट्या त्याआधीही परत आल्या होत्या. सर्व्हिसवाला बाळासो त्या खांबावरून उतरवी, पोत्यात टाकी, आठवड्याभरानं शेडवर आणी. तोवर बॅटरी संपून त्यांचा उपास आपोआप घडलेला असे. आप्पा जोडून बघत, पेटी ठणठणीत. मग चिठ्ठीवर लिहीत, ‘दोष आढळला नाही’, आणि खाली सही. शेतकऱ्यालाच वापरता येत नाही, असं शेडमध्ये ठरून गेलं होतं. पत्र आल्यावर आप्पांनी नव्या खेपेसाठी प्रोग्राम गुपचूप दुरुस्त केला. पण शेतात गेलेल्या पेट्यांत तो घालायला वाट कुठं होती? आणि सत्यजीतला सांगायचं म्हणजे त्या चिठ्ठ्यांचंही सांगायचं. पत्रानंतरही त्यांनी अशा सहा चिठ्ठ्यांवर सही केली होती. त्या सहांचा आकडा त्यांना जेवतानाही आठवे.

आता तिसरी खेप तयार होती. सहाशे पेट्या. शुक्रवारी रेझिन ओतायचं होतं, आणि याही पेट्यांना ना बटण होतं, ना आत जायची वाट.

सोमवारी बाळासो चहा पिता पिता म्हणाला, ‘आप्पा, ती देऊळगाव राजेची साखरबाई परत पेटलीय बरं का. म्हणती, पेटी अडली. मी म्हणलं मावशे, रेंज नसंल. तर म्हणती, रेंज तुझ्या डोक्यात न्हाई.’

आप्पांच्या हातातली सोल्डरिंगची तार खाली पडली. ‘उतरवू नका म्हणावं. अडलेली तशीच राहू दे. मी येतो.’

‘तुम्ही?’ बाळासोनं कप खाली ठेवला. ‘आवं, तुम्ही शेडमधून निघता ते फकस्त जेवायला. दौंडपतुर गाडीवर बसाल का?’

‘बसेन.’

‘मग पाठीला उशी बांधा. न्हावऱ्याच्या पुढं रस्त्याला रस्ता म्हणायची पद्धत हाय, एवढंच.’

आप्पांच्या मनात एक बेत होता. चिपेचा रिसेटचा पाय पेटीच्या कडेपासून अकरा मिलिमीटरवर, लेबलाच्या खाली येतो. तिथं बारीक ड्रिलनं भोक पाडलं, तार आत घालून तिचं टोक त्या पायाला क्षणभर टेकवलं, की पेटी नव्यानं सुरू होईल. तसं जमलं तर शेतातल्या तीनशे पेट्या बाळासो जागच्या जागी जाग्या करेल. प्रोग्राम दुरुस्त होणार नाही, पण उपास तरी सुटेल. आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. हे शेवटचं वाक्य ते मनातल्या मनातही हळू म्हणत.

मंगळवारी त्यांनी शेडमध्ये दोन जुन्या पेट्यांवर हात चालवून पाहिला. पहिलीत ड्रिल घसरलं. दुसरीत पातं मोडून आतच राहिलं. रेझिन त्यांनीच निवडलेलं. चांगलं टणक असावं म्हणून तीन नमुने बघून घेतलेलं. तरी बुधवारी ते निघाले. न्हावरे, मांडवगण फराटा, मग नदीवरचा पूल, असं करत दौंडकडं उतरेपर्यंत त्यांच्या कमरेचं पार भरीत झालं.

साखरबाई बांधावर उभ्याच होत्या. साठीच्या, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मागं झेंडूचा प्लॉट होता. कळ्या धरलेल्या, पण पानं दुपारच्या आधीच माना टाकू लागलेली.

‘हे आमचे आप्पा,’ बाळासो म्हणाला. ‘कंपनीचे.’

‘लाईट बोर्डाचे न्हाईत ना? बोर्डाचे असतील तर आधी माझं दोन शब्द ऐकून जायचं.’

‘न्हाई मावशे. पेटीचे.’

‘मग चार शब्द ऐकायचे,’ बाई म्हणाल्या. पण त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

मोटार नदीकाठाला, घरापासून मैलभर. पत्र्याच्या खोक्यात पेटी होती आणि तिचा हिरवा दिवा निवांत लुकलुकत होता. बाईंनी कमरेचा फोन काढून नंबर लावला. क्षणात मेसेज आला. त्यांनी फोन आप्पांच्या डोळ्यांपुढं धरला. ‘कृपया थांबा.’

‘शनिवारपासून थांबलीय,’ त्या म्हणाल्या. ‘कृपया तर म्हणती, मग रागवायचं तरी कुणावर?’

ते ‘कृपया’ आप्पांनीच घातलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, फूटपट्टी काढली, लेबलावर खूण केली आणि ड्रिल लावलं. ऊन डोक्यावर आलं होतं. पहिलं भोक अर्ध्या वाटेत तिरकं गेलं. दुसरं पाडलं, तार घातली, टेकवली. दिवा लुकलुकतच राहिला. पुन्हा टेकवली. बाईंनी नंबर लावला. कृपया थांबा.

‘जरा डावीकडं घ्या की,’ बाळासो म्हणाला.

‘तुम्ही गप्प बसा हो!’ आप्पा ओरडले. बाळासोनं सहा वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. तो दोन पावलं मागं सरकला.

हात घामानं निसटत होते. ही पेटी त्यांनी कागदावर रेघ-रेघ काढलेली. कुठली तार कुठं जाते हे झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. आणि आता तिच्याच दारात ते चोरासारखे घरफोडीची हत्यारं घेऊन बसले होते, आणि आत जाता येत नव्हतं. घर बांधणाऱ्यानं दरवाजाच ठेवलेला नाही, म्हटल्यावर चोर तरी काय करील? त्यांनी दात खाऊन तिसरं भोक पाडलं. ड्रिल एकदम सैल झालं, आत कसलासा बारीक कट् आवाज आला आणि दिवा विझला.

‘विझला!’ साखरबाई हरखून म्हणाल्या. ‘चार दिसांचा उपास एका घडीत? आता जोडा परत.’

आप्पांनी ड्रिल खाली ठेवलं. ‘नाही बाई. ही मेली. मीच मारली.’

बाईंनी विझलेल्या दिव्यावर बोट टेकवून पाहिलं.

‘म्हंजी आता उपासानं बी भागणार न्हाई,’ बाई म्हणाल्या.

‘नाही.’

‘ह्या आठवड्याला रातपाळी हाय. झेंडू फुलावर आलाय.’ त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. हवा कशी आहे हे सांगावं तसं म्हटलं, आणि त्यामुळं ते आप्पांना जास्त लागलं. ‘पेटी तुम्हीच बनवली का वो?’

‘मीच.’

‘मग आमच्यासाठी न्हाई तर न्हाई, तुमच्यासाठी तरी आत जायला वाट ठेवायची. आमी कणगी लिंपली तरी खाली एक तोंड ठेवतो. दाणं काढायची येळ येतेच की कवा ना कवा.’

आप्पा हत्यारं पिशवीत भरू लागले. त्यांना तिथून जायचं होतं, एवढंच कळत होतं.

‘मी पत्र धाडलं हुतं तुमच्या कंपनीला,’ बाई म्हणाल्या. ‘सगळं लिहिलं हुतं, वार लावून. मिळालं न्हाई का?’

आप्पांनी पिशवीची चेन ओढली. ती अडकली. ‘पोस्टाचं काय सांगता येतं,’ ते म्हणाले.

‘तेच!’ बाई एकदम उसळल्या. ‘तेच म्हणलं हुतं मी त्या कोंडिबाला. आमचा पोस्टमन वो, माझा चुलत दीर लागतो. त्याच्याच हातात दिलं हुतं पाकीट. उत्तर येईना तवा चार बायांदेखत म्हणलं, तू टाकलंच न्हाईस, कुठंतरी हाटेलात इसरला असशील. तर पोराच्या गळ्याची शपथ घ्यायला लागला. मी काय ऐकती? आठ महिनं झालं, माझ्या दारात पाणी पीत न्हाई. पत्र आलं तर फाटकातनं फेकतो आन् जातो. पण बघा, माझंच खरं निघालं का न्हाई?’

बाळासो आप्पांकडं बघत होता. पत्र शेडवर आलं त्या दिवशी पाकीट त्यानंच आप्पांच्या टेबलावर ठेवलं होतं. काठावरून गाडीकडं चालताना तो एवढंच म्हणाला, ‘आप्पा, कोंडिबा भला माणूस हाय.’

परतीच्या वाटेवर आप्पा मांडवगणला चहालाही उतरले नाहीत.

गुरुवारी ते सकाळी शेडवर आले, तर दारातच रेझिनचा वास. आत लांब टेबलावर पेट्यांच्या रांगा लागलेल्या आणि पॉटिंग, म्हणजे रेझिन ओतायचं काम, बघणारी वैष्णवी मास्क लावून कप्पे भरत होती.

‘हे शुक्रवारी होतं ना?’

‘सरांनी आजच घ्या म्हणून सांगितलं, आप्पा. एकशे चाळीस झाल्या.’

‘थांबव.’

‘सरांना विचारा ना. ड्रम उघडलाय, तो वाळतो.’

आप्पा केबिनकडं निघाले. दारापर्यंत गेले, परत फिरले, टेबलावरचं जाड पुस्तक काखेत घेतलं आणि पुन्हा गेले. सत्यजीत फोनवर बोलत होता. तो पस्तिशीचा, सदा घाईत, पण आप्पा आत आले की उठून खुर्ची पुढं करणारा.

‘पॉटिंग थांबवायला पाहिजे,’ आप्पा उभ्याउभ्याच म्हणाले. ‘पेटीला बाहेरून रिसेट ठेवू. आणि नवा प्रोग्राम घालता येईल अशी वाट.’

‘आता? आप्पा, भोक म्हणजे पाणी, पाणी म्हणजे मुंग्या, मुंग्या म्हणजे पेटी परत. हे तुम्हीच मला शिकवलंत.’

‘भोक नाही पाडायचं. वायरमन जोडणी करतो तो कप्पा वेगळाच आहे, त्याला झाकण आहे, त्यात रेझिन नसतं. आतल्या चिपेपासून चार तारा त्या कप्प्यात आणायच्या. तिथं रबराखाली बटण. झाकणाचे दोन स्क्रू काढल्याशिवाय हात लागणार नाही.’

‘आणि आपली नक्कल करायला टपलेल्या नगरवाल्यांनी त्याच तारांवरून आपला प्रोग्राम उचलला तर?’

‘वाचायला कुलूप घालता येतं. लिहायला वाट ठेवायची.’

सत्यजीतनं केसांतून हात फिरवला. ‘पण का? नव्या प्रोग्राममध्ये काही दोष आहे का?’

‘नाही.’

‘मग?’

‘मला माहीत असलेला नाही.’

‘आप्पा,’ सत्यजीत समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘तुम्हाला प्रत्येक खेपेला असंच वाटतं. मागच्या वेळी तुम्ही तीन रात्री झोपला नव्हता. आणि काय झालं? परत आलेल्या पेट्यांत एकही खराब निघाली नाही.’ त्यानं खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. ‘दोष आढळला नाही, दोष आढळला नाही. ही सही कोणाची?’

आप्पांना त्या गठ्ठ्याकडं बघवेना. इथंच गप्प बसलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. म्हातारा घाबरट आहे, म्हणून सत्यजीतनं खांद्यावर हात ठेवला असता आणि पॉटिंग चालू राहिलं असतं. बाहेर वैष्णवीनं पुढची रांग ओढल्याचा आवाज आला.

त्यांनी पुस्तकाचं दोनशे बारावं पान उघडलं आणि पत्र काढून त्या गठ्ठ्यावर ठेवलं.

सत्यजीतनं ते वाचलं. मग वरची तारीख वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

‘हे खरं आहे?’

‘वारानिशी. तीनशेच्या तीनशे पेट्या.’

‘तुम्हाला कधी कळलं?’

‘आलं त्याच दिवशी.’

सत्यजीत उठून खिडकीशी गेला. ‘अकरा महिने, आप्पा! मी लोकांशी भांडलो. जयसिंग काकांना मी फोनवर म्हटलं, तुम्हाला मोबाईल वापरता येत नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला! त्यांनी पेटी काढून फेकून दिली आणि मी हसलो.’ तो वळला. ‘का नाही सांगितलंत?’

‘लाज वाटली.’

‘लाज!’

‘मला वाटलं, तू म्हणशील, पुस्तकं वाचून शिकलेला माणूस, याच्यावर कशाला विश्वास ठेवला.’ आप्पांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. ‘हा दोष त्या बाईनं शोधला. मला सापडला नसता. या खेपेत कुठला राहिलाय, मला ठाऊक नाही. पण राहिलाय. माणूस चुकणार, हे धरूनच वस्तू बनवायला पाहिजे. मी उलट केलं. चूक आत ठेवली आणि वरून रेझिन ओतलं.’

सत्यजीतनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा परत खणात टाकला. मग दार उघडून ओरडला, ‘वैष्णवी, बंद कर ते!’ आणि दार न लावता, आप्पांकडं न बघता म्हणाला, ‘झालेल्या एकशे चाळिसांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा आता.’

‘त्या गेल्या.’

‘गेल्या,’ सत्यजीत म्हणाला. ‘वा.’

त्या दिवशी तो पुन्हा आप्पांशी बोलला नाही. खुर्चीही पुढं केली नाही. संध्याकाळी आप्पा घरी निघाले तेव्हा एकशे चाळीस पेट्या पत्र्याच्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. गुळगुळीत, चकचकीत, निकामी.

पुढचे आठ दिवस आप्पांनी उरलेल्या पेट्यांना वाट काढण्यात घालवले, आणि तेही सरळ गेलं नाही. पहिल्या दहा जोडून झाल्यावर वैष्णवी नमुना हातात धरून म्हणाली, ‘आप्पा, बटण मस्त झालं. पण नवा प्रोग्राम घालताना तुम्ही ती दुसरी पिन चिमट्यानं धरून ठेवता ना? ती तर आतच राहिली.’

आप्पांनी कपाळावर हात मारला. रिसेट म्हणजे नुसतं हलवून उठवणं. उठल्या उठल्या नवं ऐकायची तयारी ठेव, हे सांगणारी तार वेगळी असते. चारांऐवजी पाच तारा लागणार होत्या. दहाही पेट्या पुन्हा उघडाव्या लागल्या.

‘बरं झालं आत्ता कळलं,’ वैष्णवी म्हणाली.

‘तुला कळलं,’ आप्पा म्हणाले.

सत्यजीत आता कामापुरतं बोलत होता. एकदा येऊन त्यानं बटण दाबून पाहिलं, दिवा विझून परत लागला, आणि तो ‘हं’ म्हणून गेला. जुन्या तीनशे पेट्या बदलून द्यायच्या, असं त्यानं बाळासोला परस्पर सांगितल्याचं आप्पांना दुसऱ्याच दिवशी कळलं. पहिली पेटी देऊळगाव राजेला जायची होती.

‘काय सांगू मावशीला?’ बाळासोनं विचारलं.

‘काही सांगू नका. मी लिहितो.’

‘अजून?’ बाळासो म्हणाला. ‘मीच सांगतो की फोनवर. दोन मिनिटांचं काम.’

‘फोनवर कोंडिबाचं काय होणार?’ आप्पा म्हणाले. ‘चार बायांदेखत बोललेलं आहे. चार बायांना दाखवता येईल असं काहीतरी हातात पाहिजे.’

लिहायला बसले आणि पुन्हा तेच. पहिल्या कागदावर आकडा कसा भरतो आणि शून्यावर येतो, याचंच पानभर झालं. वाचून पाहिलं तर त्यात माफी कुठंच नव्हती. दुसऱ्यावर माफी इतकी झाली की वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. तिसऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘आपले पत्र उशिरा मिळाले’, आणि ते फाडून त्याचे बारीक तुकडे केले. चौथं लिहिलं ते असं:

‘साखरबाईंना ईश्वर यांचा नमस्कार. तुमचं पत्र मला गेल्या वर्षी, तुम्ही टाकल्यापासून तिसऱ्या दिवशी मिळालं होतं. मागच्या आठवड्यात नदीवर मी तुमच्याशी खोटं बोललो. कोंडिबांनी पत्र नीट टाकलं होतं. त्यांचा काहीच दोष नाही, हे त्यांना आणि ज्यांच्यासमोर तुम्ही बोललात त्यांना हे पत्र दाखवून सांगावं. पेटीबद्दल तुम्ही लिहिलेलं सगळं बरोबर होतं. चूक माझ्या प्रोग्रामची, आणि बटण न ठेवण्याची चूकही माझीच. लाईट रोज जाते, तेवढ्यावर मी भागवलं होतं. आत जायला वाट ठेवली नव्हती म्हणून तुमची पेटी माझ्या हातून मेली. बाळासो नवी पेटी आणतील. तिच्या खालच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले की काळ्या रबराखाली बटण आहे. अडली तर ते पाच आकडे मोजेपर्यंत दाबावं. अडणार नाही असं मी म्हणत नाही. अडली तर वार लिहून कळवावं. या वेळी उत्तर देईन.’

शेवटचं वाक्य त्यांनी एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. झेंडूचं काय झालं, हे विचारायचं त्यांच्या मनात होतं, पण धीर झाला नाही.

शनिवारी दुपारी ते शिरूरच्या पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट तोललं. ‘रजिस्टर करायचं का, आजोबा? पोचपावती येईल.’

‘नको. साधंच.’

‘साधं मग बाहेरच्या डब्यात टाका. तीनला निघतो.’

आप्पांनी तिकीट चिकटवलं, पत्ता पुन्हा वाचला, तालुका दौंड आहे ना ते पाहिलं. डब्यासमोर जाऊन पाकीट तोंडाशी धरलं, आणि नेमकं तेव्हाच त्यांना वाटलं की ‘खोटं बोललो’ऐवजी ‘नीट सांगितलं नाही’ असं लिहिलं असतं तर चाललं असतं. पाकीट अजून अर्धं बाहेर होतं, काढून घेता आलं असतं. मागं एक माणूस आपली तीन-चार पाकिटं घेऊन उभा होता.

‘आप्पा, टाकताय का? न्हाई तर मला टाकू द्या.’

‘टाकतो,’ आप्पा म्हणाले, आणि सोडलं.